शुक्रवारी एमसीजीवर कॉलिंगवूड की एसेंडन? आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

दादा: मंडळी, शुक्रवारी 25 एप्रिल 2025 ला मी, वहिनी आणि चिऊ तिघंही इथे मेलबर्नच्या एमसीजीवर असणार आहोत, दुपारी फोन लागला नाही तर काळजी करू नका. अँझॅक डेची, म्हणजे इथल्या शहिदांच्या दिवसाची मॅच आहे, कॉलिंगवूड विरुद्ध एसेंडन. इथे 3.20 ला सुरू होते म्हणजे तुमच्याकडे सकाळचे 10.50

बंटी: मामा एप्रिलमध्ये कसली मॅच, तिकडे तर आता थंडी सुरू झाली ना

दादा: क्रिकेट नाही रे, फूटी. ऑस्ट्रेलियन रूल्स. लांबट चेंडू, एकेका बाजूला 18 जण आणि ग्राउंड तेच जिथे तू बॉक्सिंग डे टेस्ट बघतोस, फक्त यात पूर्ण ओव्हल वापरतात.

बंटी: रग्बी म्हणजे

चिऊ: रग्बी नाही!! बंटीदादा असं इथे कोणासमोर बोलू नकोस प्लीज

चिऊ: यात ऑफसाइड नसतो आणि बॉल हाताने फेकता येत नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. नाहीतर किक. बॉल घेऊन पळायचं असेल तर साधारण 15 मीटरला एकदा जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. आणि कोणी किमान 15 मीटर लांब किक मारली आणि तू ती हवेतच पकडलीस की तो मार्क, मग तुला कोणी हात लावायचा नाही, निवांत किक मारायची

ताई: म्हणून ते एकमेकांच्या खांद्यावर चढतात होय! मला एकदा रील आलं होतं, मला वाटलं भांडण चाललंय

वहिनी: हो ताई, तेच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळेच मिटून घेतले होते, आता मीच उभी राहून ओरडते

बंटी: ओके आणि गोल?

दादा: दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की गोल, 6 पॉइंट. बाजूच्या फटीतून गेली किंवा मधल्या खांबाला लागली तर बिहाइंड, 1 पॉइंट. आता या मॅचचं वेड का आहे ते याच हिशेबावरून सांगतो. 1995 ला अँझॅक डेला या दोघांची पहिली मॅच झाली, एसेंडनचे कोच केविन शीडी यांनी हट्टाने ती सुरू करवली, माजी सैनिकांच्या संघटनेला जाऊन भेटले, त्यांना पटवलं. 94,825 लोक आत होते आणि हजारो लोक तिकीट न मिळाल्यामुळे बाहेरून परत गेले. कॉलिंगवूडने 17 गोल 9 बिहाइंड मारले आणि एसेंडनने 16 गोल 15 बिहाइंड. कर बेरीज.

बंटी: 102 + 9 = 111

बंटी: 96 + 15 = 111. काय सांगतोस!!

दादा: टाय. एकट्या साव रोकाने कॉलिंगवूडकडून 9 गोल मारले तरी जिंकले नाहीत. एसेंडनचा एक गोल कमी पण सहा वेळा चेंडू जास्त बाजूने गेला आणि तेच सहा पॉइंट कामाला आले. आणि गेल्या वर्षी 2024 ला परत तेच, 85-85. एवढी धावपळ करून नव्वद हजार लोक कोणीच न जिंकता घरी गेले. म्हणून मी म्हणतो की या मॅचला पॉइंट्स टेबल बघून अंदाज बांधूच नये.

चिऊ: बाबा हे दरवर्षी म्हणतात कारण टेबलमध्ये एसेंडन खाली असतं

दादा: चिऊ

चिऊ: खरंच आहे की. आम्ही कॉलिंगवूडवाले यंदाची पहिली मॅच जीडब्ल्यूएस या सिडनीच्या टीमकडून वाईट हरलो, मान्य, पण त्यानंतर सगळ्या जिंकल्या. परवाच ब्रिस्बेनला त्यांच्याच गॅबावर 52 पॉइंट्सनी हरवलं आणि ब्रिस्बेन म्हणजे गेल्या वर्षीचे चॅम्पियन. आणि एसेंडनने 2004 नंतर फायनल्समध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, एकही मॅच जिंकलेली नाही, मी तेव्हा जन्मले पण नव्हते

ताई: एकाच घरात दोन टीम कशा काय

वहिनी: अहो ताई आम्ही आलो तेव्हा पहिलं घर एसेंडन उपनगराजवळ भाड्याने घेतलं होतं, शेजारच्या आजोबांनी यांना एसेंडनचा मफलर दिला तेव्हापासून हे बॉम्बर्सचे, म्हणजे एसेंडनचे. चिऊच्या शाळेत सगळ्या मैत्रिणी कॉलिंगवूडवाल्या. त्यामुळे शुक्रवारी मी दोघांच्या मध्ये बसते

आप्पा: अँझॅक डे म्हणजे शहिदांचा दिवस ना? त्या दिवशी खेळ कसा काय ठेवतात. आपल्याकडे असं चालेल का.

दादा: आप्पा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि इथेही हा वाद होताच. कितीतरी वर्षं व्हिक्टोरियात त्या दिवशी मोठे सामने होतच नव्हते, 1960 पासून फूटीला परवानगी मिळाली. 25 एप्रिल 1915 ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलं, यंदा 110 वर्षं होतील. त्या दिवशी पहाटे अंधारात श्राइन ऑफ रिमेंब्रन्स या युद्धस्मारकाला लोक जमतात, आम्हीही जातो, मग माजी सैनिकांचं संचलन होतं आणि दुपारी मॅच. मॅचच्या आधी जुन्या सैनिकांना मैदानातून फिरवतात, बिगुलावर लास्ट पोस्ट ही शहिदांसाठीची धून वाजते आणि एक मिनिट शांतता. आप्पा, नव्वद हजारांच्या वर लोक, त्यात लहान पोरं, हातात मीट पाय (मांसाची पेस्ट्री) आणि चिप्स घेतलेले, आणि झेंड्याची दोरी खांबावर आपटल्याचा आवाज ऐकू येतो. मी तरी कुठल्याही स्टेडियमवर असं दुसरं काही बघितलेलं नाही. मला आता त्यात वावगं वाटत नाही, उलट पहाटे जे लोक येत नाहीत त्यांनाही या मॅचमुळे तो दिवस कळतो.

आप्पा: ठीक. सैनिकांना मान देत असतील तर हरकत नाही.

आप्पा: गॅलिपोलीला आपलेही लोक होते हे तिथे सांगतात का.

दादा: हल्ली सांगतात. साधारण 15,000 भारतीय होते आप्पा. अँझॅक सैन्य ज्या दिवशी उतरलं त्याच दिवशी आपल्या माउंटन बॅटरीच्या तोफा किनाऱ्यावर आल्या, आणि खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा वर डोंगरात पोचवायचं काम आपल्याच लोकांनी महिनोन्‌महिने केलं. सिम्पसन म्हणून एक स्ट्रेचरवाला होता, गाढवावरून जखमींना खाली आणायचा, इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला त्याची गोष्ट माहीत असते. तो आपल्या खेचरवाल्यांच्या तळावर राहायचा, त्यांच्यातच जेवायचा आणि ते त्याला बहादूर म्हणायचे असं सांगतात. मागे चिऊने शाळेत हेच बोलून दाखवलं होतं

आई: शाब्बास चिऊ

आप्पा: छान. ते बहुतेक पंजाबकडचे होते. आपले मराठे तेव्हा त्याच तुर्कांशी इराकात लढत होते. पुणे डिव्हिजन कूतला वेढ्यात अडकली, त्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. 147 दिवस. घोड्याचं मांस खायची वेळ आली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. म्हणजे तुमच्या अँझॅक डेनंतर चारच दिवसांनी ती तारीख येते. आपल्या अपशिंग्याचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले, स्तंभ आहे गावात. चिऊ आली की तिला घेऊन जाणार आहे मी.

चिऊ: नक्की आजोबा. डिसेंबरमध्ये जाऊ

बंटी: आजोबा हे मला पण माहीत नव्हतं, मी पण येतो

बंटी: मामा पण मला सांग आता जिंकणार कोण, कोणाला बघायचं मैदानात

चिऊ: निक डेकॉस!!! नंबर 35. बाकी कोणाला नाही बघितलंस तरी चालेल

दादा: हे मात्र मी एसेंडनवाला असूनही कबूल करतो. 22 वर्षांचा आहे पोरगा पण गर्दीत चेंडू हातात आला की त्याच्यापाशी वेळच जास्त असल्यासारखं वाटतं, दोन्ही पायांनी किक मारतो, समोरचा अंगावर यायच्या आत चेंडू पुढे गेलेला असतो. त्याचे वडील पीटर डेकॉस याच क्लबचे, याच 35 नंबरचे. 1990 च्या ग्रँड फायनलला कॉलिंगवूडने एसेंडनलाच 48 पॉइंट्सनी हरवलं, 32 वर्षांनी कप मिळाला त्यांना, आणि त्या दिवशी पीटरने पार कोपऱ्यातून, जिथून खांब धड दिसतही नाहीत, तिथून गोल मारला होता. मोठा भाऊ जॉशसुद्धा याच टीममध्ये. तर एसेंडनला त्रास द्यायचं काम त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

ताई: घराणंच म्हण की

दादा: घराणंच. आता आमची बाजू. कॅप्टन झॅक मेरेट, अंगाने लहान, पण दिवसभर पळतो आणि 30-40 मीटरवरच्या माणसाच्या छातीवर चेंडू नेऊन ठेवतो. सुरुवातीला हॉथॉर्न आणि ॲडलेडने आम्हाला धुतलं हे खरंय पण नंतर पोर्ट ॲडलेड आणि मेलबर्नला हरवलं. पुढे नेट कॅडी आणि आयझॅक काको अशी दोन कोवळी पोरं आहेत. काकोच्या घरचे मूळचे इराकमधले असिरियन, पोरगा एसेंडनच्याच अकॅडमीत वाढलाय आणि त्याची ही पहिलीच अँझॅक डे मॅच. मला सगळ्यात जास्त त्यालाच बघायचंय, खरं सांगतो. कॉलिंगवूडची टीम वयाने मोठी आहे, पेंडलबरी 37 चा, साइडबॉटम 34 चा, त्यांच्यामागे 19 वर्षांचा पोरगा सुसाट सुटला तर काय होतं ते बघायला मी पैसे दिलेत

चिऊ: पेंडलबरीकडे तीन अँझॅक मेडल आहेत बाबा. 2010, 2011 आणि 2019. त्याच्या वयाबद्दल काही बोलायचं नाही

बंटी: अँझॅक मेडल म्हणजे मॅन ऑफ द मॅच?

चिऊ: हो, पण नुसतं चांगलं खेळून नाही, त्या दिवसाला शोभेल असं खेळायला लागतं, धैर्य, खिलाडूवृत्ती, टीमसाठी झटणं असं सगळं बघतात

दादा: तेवढीच मेडल आमच्या जेम्स हर्डकडे पण आहेत

वहिनी: सुरू झालं दोघांचं. बंटी, माझं ऐक, यांना शेवटच्या क्वार्टरच्या आधी काहीच बोलू द्यायचं नाही. चार क्वार्टर असतात 20-20 मिनिटांचे, पण खेळ थांबला की घड्याळ थांबतं म्हणून खरे अर्ध्या तासाच्या आसपास जातात. आणि या मॅचमध्ये पहिल्या तिन्हींना काही अर्थ नसतो. 2023 ला एसेंडन शेवटच्या क्वार्टरला 28 पॉइंट्सनी पुढे होतं, हे आनंदाने सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावत होते, आणि कॉलिंगवूड 13 पॉइंट्सनी जिंकलं. 95 हजार लोक होते त्या दिवशी

ताई: हो हो तो कॉल मला आला होता!! नंतर दोन दिवस याचा मेसेज नाही

दादा: ते झालं. पण 2009 पण सांग ना. पाऊस पडत होता, एसेंडन मागे, शेवटची काही सेकंद उरलेली आणि झहाराकिस नावाच्या नवीन पोराने पळत येऊन गोल मारला, 5 पॉइंट्सनी जिंकलो. आणि 2012 ला 80-79, एका पॉइंटने हरलो. म्हणून माझं मत सांगतो, मनापासून. कॉलिंगवूडची टीम यंदा जास्त चांगली आहे, यात वाद नाही. मागून चेंडू पटापट पुढे काढायची त्यांची पद्धत, जास्त विचार न करता धाडसाने मधूनच घुसायचं, ती थांबवणं अवघड आहे आणि शेवटची दहा मिनिटं तर त्यांच्याइतकी थंड डोक्याने कोणीच खेळत नाही. त्यामुळे एसेंडनला एकच रस्ता आहे, तिसऱ्या क्वार्टरपर्यंत चाळीसेक पॉइंट पुढे जायचं आणि त्यासाठी समोरच्या सोप्या किक्स बाजूने घालवायच्या नाहीत. सहाचा एक झाला की इथे मॅच जाते. आणि निक डेकॉसच्या मागे एक माणूस चिकटवून ठेवायचा, त्याने स्वतः चेंडूला हात नाही लावला तरी चालेल. हे दोन्ही जमलं तर चान्स आहे, नाहीतर चिऊ गाडीत दीड तास त्यांचं गाणं म्हणत घरी येणार

चिऊ: तयारी करून ठेवा

आई: ते मॅच वगैरे ठीक आहे पण पहाटे चारला उठून थंडीत जाताय, काहीतरी गरम घाला आणि बरोबर खायला काय नेताय

वहिनी: आई, अँझॅक बिस्किटं केलीत ना आत्ताच. ओट्स, सुकं खोबरं, बटर आणि गोल्डन सिरप, म्हणजे आपल्या काकवीसारखं घट्ट गोड. सिरप आणि बटर एकत्र गरम करायचं, त्यात खायचा सोडा पाण्यात कालवून टाकला की भस्सकन फेस येतो, तो तसाच ओट्सवर ओतायचा. अंडं अजिबात नसतं, तुम्हाला पण चालतील

आई: मग काकवी घालून मी करून बघते. आप्पांना चहाबरोबर होतील

ताई: तुमच्याकडे मॅच दिसते तशी इकडे दिसते का रे, बंटी मागे लागलाय

दादा: बाहेरच्या देशांसाठी वॉच एएफएल म्हणून ॲप आहे, त्यावर बघ. फक्त 10.50 ला नको, 10.20 ला लाव, आप्पांना सैनिकांचा भाग दाखव.

आप्पा: मला साडेदहाला औषध असतं. त्याच्या आधी लावा.

ताई: हो आप्पा, सव्वादहाला लॅपटॉप घेऊन येते

बंटी: माझा अंदाज कॉलिंगवूड 20 ने. सॉरी मामा

चिऊ: 33 ने

वहिनी: कोणीही जिंका, मी 10 ने म्हणते

दादा: एसेंडन 4 ने. लिहून ठेवा सगळ्यांनी. आणि चिऊ, जोलिमाँट स्टेशनलाच उतरायचं आहे, रिचमंडला नाही, तुझ्या मैत्रिणींना पण सांगून ठेव