मदत हवी आहे: घरातल्या कोळ्यांशी मुलांची ओळख कशी करून द्यावी?

मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा सात. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर एक मोठी, चपटी, तपकिरी कोळीण आहे. पोटाखाली अंड्यांची पांढरट, चपटी पिशवी धरून बसलेली असते. ही जात जाळं विणत नाही, रात्री झुरळं पकडते. मुलगा भलताच खूश आहे. मुलगी मात्र किंचाळते, आणि सासूबाई कुंचा घेऊन तयारच!

आठ पाय म्हणजे कीटक नाही, इथवर दोघांना कळलंय. छताच्या कोपऱ्यातल्या लांब पायांच्या कोळ्याच्या जाळ्यावर फुंकर मारली की तो गदागदा हलतो. ते बघून मुलगीही हसली, म्हणजे आशा आहे.

आता अडचण अशी, की अंड्यांतून भरपूर पिल्लं निघतील. कोळिणीला पिशवीसकट बाहेर कसं न्यावं? बरणी नि पुठ्ठा पुरेल, की ती पिशवी टाकून पळेल? शिवाय कोळी भक्ष्य विरघळवून शोषून घेतो, हे एवढ्या लहान मुलीला सांगावं का? भाऊ रोज तिच्यासमोरच विचारतो. हात लावायचा नाही, हा नियम केलाय. पुस्तकं नकोत, घरी करून बघण्यासारखं काही असेल तर सुचवा.