१३बी नॉन-टर्बो, रस्त्यावरची गाडी, ९००० आरपीएम: पैसे नेमके कुठे घालावेत?

पाना_नंबर_१४
मंडळी, १९८९ ची माझदा आरएक्स-७ आहे (दुसरी पिढी, एफसी), सिरीज ५, नॉन-टर्बो, सहा पोर्टची १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारं रोटरी इंजिन. गाडी ऑकलंडला असते. रस्त्यावर चालते, अधूनमधून ट्रॅकवर जाते. इंजिन सध्या पूर्ण उघडलेलं आहे. हाउसिंगचं (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाचं) क्रोम धड आहे, रोटर मूळचेच (कॉम्प्रेशन ९.७:१) आहेत, ई-शाफ्टवर (रोटर ज्यावर बसतात त्या मुख्य शाफ्टवर) ओरखडे नाहीत. स्ट्रीट पोर्ट (रस्त्यापुरती पोर्ट थोडी मोठी करणं) करून घेतोय, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्टँडअलोन, म्हणजे कंपनीच्याऐवजी वेगळा, बसेल. ९००० पर्यंत बिनधास्त फिरवता यावी एवढीच अपेक्षा. जो तो महागड्या एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) घ्यायला सांगतोय. खरंच पहिला खर्च तिथेच करायचा का? बेअरिंग, गिअर, ऑइल यांत काय बदलणं भाग आहे आणि काय नुसती हौस आहे?

तेलकट_हात
एपेक्स सील यादीत बऱ्याच खाली येते. आधी हिशेब बघा. १३बीचा रोटर साधारण सव्वाचार किलोचा आणि शाफ्टची एक्सेंट्रिसिटी (रोटरचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून जेवढं दूर) १५ मिमी. ७००० ला एकेक रोटर शाफ्टला सुमारे साडेतीन टनांनी बाहेर ओढतो, ९००० ला पावणेसहा टनांनी. आरपीएम तीस टक्क्यांनीही वाढले नाहीत आणि भार पासष्ट टक्क्यांनी वाढला. दोन रोटरच्या इंजिनात शाफ्टला आधार फक्त दोन टोकांना, मधे बेअरिंगच नाही. दोन्ही रोटर एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात, म्हणून शाफ्ट किंचित वाकतो, रोटर तिरका होतो आणि त्याचा कोपरा साइड प्लेटला घासतो. तुमच्या रोटरचे कोपरे उजेडात तिरके धरून बघा. एपेक्सजवळ बाजूच्या कडेवर आरशासारखे चकचकीत पट्टे दिसले तर ते आत्ताच घासतायत.

त्यामुळे बेअरिंग घट्ट ठेवू नका. मेन आणि रोटर, दोन्ही बेअरिंगना कंपनीचा क्लिअरन्स (मोकळी फट) ०.०४ ते ०.०८ मिमी आहे. तुम्हाला ०.०६ च्या वरचा अर्धा भाग हवा. ०.०४ वर बसवलेलं इंजिन वाकलेल्या शाफ्टवर ऑइलची फिल्म टिकवत नाही, आधी तांबं दिसतं, मग बेअरिंग स्टेशनरी गिअरच्या (प्लेटला पक्क्या बसवलेल्या, रोटरला दिशा देणाऱ्या गिअरच्या) आत फिरतं. फिरलं की ऑइलचं भोक बंद, पुढचं सांगायला नको. रेसची बेअरिंग घ्या, ऑइलच्या खिडक्या जास्त असतात. शाफ्टचा रनआउट (वाकडेपणा) व्ही-ब्लॉकवर डायलने मोजा. पुस्तकातली मर्यादा ०.१२ मिमी आहे, पण ९००० साठी त्याच्या निम्म्याच्या आत नसेल तर मी तो शाफ्ट वापरणार नाही.

स्टेशनरी गिअर हा हौसेचा खर्च नाही. नॉन-टर्बोचे गिअर मऊ असतात, दातांच्या मुळाशी तडा जातो. हार्डन केलेले घ्या, पुढचा आणि मागचा दोन्ही.

गिरणगावचा_रोटर
वरच्या सगळ्याला +१, पण ऑइलचं राहिलं. या इंजिनात रोटर आतून ऑइलनेच थंड होतो.

एफसीचा मागचा ऑइल प्रेशर रेग्युलेटर ७१ पीएसआयच्या आसपास धरतो. एफडीचा (पुढच्या पिढीच्या आरएक्स-७ चा) ११० पीएसआयचा तसाच्या तसा बसतो, फारसा महागही नाही. आता गंमत अशी की प्रेशर वाढवलं की पुढच्या कव्हरमागची छोटी ओ-रिंग पहिली दगा देते. पेपर गॅस्केट दबतं, ओ-रिंग बाहेर ढकलली जाते आणि गरम इंजिनला प्रेशर निम्म्यावर येतं. लोक पंप बदलत बसतात. ओ-रिंगसोबत टेफ्लॉनची बॅकअप रिंग घाला म्हणजे झालं.

ई-शाफ्टच्या पुढच्या टोकात थर्मल पेलेट (तापमानावर चालणारी छोटी झडप) असतं. इंजिन थंड असताना ते ऑइल परत सोडून देतं, रोटरच्या आत ऑइल उडवणाऱ्या जेटना पूर्ण प्रेशर मिळत नाही. म्हातारं पेलेट तसंच अडकलं तर गरम इंजिनलाही तेच, आणि गेज सगळं ठीक दाखवतो. काढून भरीव प्लग टाका. मग थंड इंजिनला मात्र दामटायचं नाही.

ऑइल कूलर पूर्ण आकाराचा, संपमध्ये बॅफल, ऑइल २०डब्ल्यू-५०, तापमान ११० डिग्रीच्या खाली. डॅशवर ऑइल टेंपरेचरचा गेज नसेल तर आधी तो घ्या, मग बाकीचं.

चाक_आणि_काउंटरवेट
बॅलन्सिंगबद्दल कोणीच बोललं नाही. हलकं फ्लायव्हील घेणार असाल तर मागे वेगळं काउंटरवेट (समतोलाचं वजन) लागतं, ऑटोमॅटिक गाडीचं. ते सिरीज ५ चंच हवं. आधीच्या सिरीज ४ चे रोटर जड असल्याने त्यांचं काउंटरवेट वेगळं. दिसायला जवळपास सारखं, बोल्टही बसतात, म्हणून घोळ होतो. रोटरवर वजनाचं अक्षर कोरलेलं असतं, दोन्ही जवळच्या वर्गाचे ठेवा आणि शाफ्ट, काउंटरवेट, फ्लायव्हील एकत्र बॅलन्स करायला द्या. रोटर कधी केले नसतील अशा दुकानात देऊ नका. रोटरच्या पोकळीत फिरणाऱ्या ऑइलचं वजनही हिशेबात धरावं लागतं, पिस्टनवाल्याला ते सुचणारही नाही.

आणि मूळचं ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील ९००० ला अजिबात नको. फुटलं तर बेलहाउसिंग फाडून पायाशी येतं. बिलेट स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम, प्रमाणित. फ्लायव्हीलचा नट ५४ मिमीचा, ३९२ ते ४९० न्यूटन-मीटरने आवळायचा.

जोडताना एक जागा सांभाळा. पुढचा बोल्ट आवळताना शाफ्ट मागे सरकला तर सुईचं थ्रस्ट बेअरिंग खाली घसरून स्पेसरखाली चिमटतं. बाहेरून काही कळत नाही. इंजिन नाक वर करून उभं ठेवा, आवळा, मग डायलने एंड प्ले (शाफ्टची पुढे-मागे हालचाल) बघा. ०.०४ ते ०.०७ मिमी यायला हवा. शून्य आला तर बेअरिंग चिमटलंय, उघडा.

पाना_नंबर_१४
सगळ्यांचे आभार. रोटरच्या कोपऱ्यांवर चकचकीत पट्टे आहेत, दोन्हींवर. घासून काढावेत का? आणि सील शेवटी कोणत्या?

तेलकट_हात
कोपरे हलके उतरवून घ्या, पण ग्राइंडरवर, हाताने नाही. फक्त एपेक्सजवळची कड. साइड सीलच्या (रोटरच्या बाजूंवरच्या पट्ट्यांच्या) खाचेपर्यंत यायचं नाही. हे बॅलन्सिंगच्या आधी, नाहीतर पैसे दोनदा.

सील: रस्त्यासाठी मूळच्या २ मिमीच्या लोखंडी सील पुरतात. कार्बनच्या सील रेसला छान, पण लवकर झिजतात. सिरॅमिक हलक्या आणि हाउसिंगला सौम्य, बजेट उरलं तरच. त्यापेक्षा साइड सीलकडे लक्ष द्या. कॉर्नर सीलपाशी (रोटरच्या कोपऱ्यातल्या गोल सीलपाशी) टोकाला ०.०५ मिमी फट, फिलर गेजने, प्रत्येक सील त्याच्याच खाचेत घासून. याहून घट्ट ठेवली तर गरम झाल्यावर कॉर्नर सील अडकते.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल १:१०० ते १:१५०.

गिरणगावचा_रोटर
पोर्टवाल्याला आत्ताच विचारा, पॉवर कुठे संपते. तुमच्याच इंजिनची अमेरिकेतली आवृत्ती १६० अश्वशक्ती देत होती ती ७००० ला. मूळचा मॅनिफोल्ड ठेवून ९००० गाठाल, पण वरचे हजार आरपीएम नुसता आवाज. सहा पोर्टमधल्या स्लीव्ह (जादा पोर्ट उघडणाऱ्या फिरत्या नळ्या) सिरीज ५ मध्ये एअर पंपच्या दाबावर उघडतात. पंप काढलात तर त्यांची वेगळी सोय करा.

मोकळा_श्वास
मग ब्रिज पोर्टच (त्याहून मोठं, रेसचं पोर्टिंग) करा की. ९००० ला खरी मजा त्यातच.

गिरणगावचा_रोटर
रस्त्यावर नको, राव. आयडल हजाराच्या खाली टिकत नाही, कमी आरपीएमला गाडी उचक्या देते, पेट्रोल ढसाढसा पिते. शिवाय ब्रिज कूलंट सीलच्या खाचेजवळ जातो. चांगला स्ट्रीट पोर्ट ८५०० पर्यंत ओढतो, तिथेच गिअर टाका. इंजिन ९००० साठी बांधा, लिमिटर ८७०० ला.

चाक_आणि_काउंटरवेट
लिमिटर चौथ्यातून चुकून दुसऱ्यात टाकलेल्या गिअरला वाचवत नाही. व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे इंजिन कुरकुरत नाही, काटा कधी दहाच्या पुढे गेला कळत नाही. म्हणून शिफ्ट लाइट लावा.

इग्निशनचंही बघा. मूळची लीडिंग कॉइल (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगपैकी आधी पेटणाऱ्याची) दोन्ही रोटरना एकदम ठिणगी देते, म्हणजे ९००० ला दर ३.३ मिलिसेकंदाला एक. कॉइल भरायलाच वेळ पुरत नाही. स्टँडअलोन इसीयू आहेच, तर प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल द्या, हाताशी ६.६ मिलिसेकंद येतात. आणि मुख्य पुली लहान करा, नाहीतर वरच्या आरपीएमला वॉटर पंप पाणी ढकलण्याऐवजी बुडबुडे करत बसतो आणि अल्टरनेटरचा बेल्ट उडतो.