सागवानी आइस बकेट पांढरट पडलीये, काय लावू?

प्रश्न: आजोबा बोटीवर होते, त्यांनी साठच्या दशकात डेन्मार्कहून आणलेली सागवानी आइस बकेट आता माझ्याकडे आलीये, आत प्लॅस्टिकचं भांडं आहे. लाकूड कोरडं पडलंय, तळाला काळा डाग. खोबरेल चालेल का? आजोबांची आठवण आहे हो, बिघडवायची नाहीये.

उत्तर १: खाण्याचं तेल नकोच, काही दिवसांनी खवट वास येतो आणि चिकटपणा राहतो तो वेगळाच. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन (खवट न होणारं खनिज तेल) मिळतं, सुती फडक्याने पातळ हात द्या, रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पुसून घ्या. कोरडं लाकूड पहिल्यांदा भराभर पितं, दोन-तीन हात लागतील.

उत्तर २: आधी साफ करा पण पाण्यात बुडवू नका प्लीज, पट्ट्या डिंकाने जोडलेल्या असतात, फुगून सुटतात. ओलसर फडकं फिरवून लगेच कोरडं. डागावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच, हलक्या हाताने. आणि उन्हात वाळवू नका, तडे जातात.

प्रश्नकर्ता: थँक्यू! आजच पॅराफिन आणतो, डागाचं रविवारी निवांत बघतो.

उत्तर २: वापरून झाली की झाकण उघडं ठेवा, आत ओल कोंडली की डाग परत येतो.