भिंत, टॅरिफ आणि कारखान्यातल्या नोकऱ्या: अमेरिका-मेक्सिको सीमेवर नेमकं काय अडतं?

जकातनाका (धागा; खालची उत्तरं इतर सदस्यांची)

अमेरिकेत गेली दहा वर्षं दोन मागण्या एका दमात केल्या जातात. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत घाला, बाहेरच्या मालावर टॅरिफ (आयात शुल्क) लावा, की कारखान्यातल्या नोकऱ्या परत येतील. २०२५ मध्ये दोन्ही गोष्टींना जोर आला. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं शुल्क मार्चमध्ये सरसकट २५ टक्के झालं आणि जूनमध्ये ५० वर गेलं. जुलैच्या कायद्यात भिंतीसाठी ४६.५ अब्ज डॉलर ठेवले गेले. माझं मत स्पष्ट आहे: भिंतीचा कारखान्यातल्या नोकरीशी जवळजवळ काही संबंध नाही. टॅरिफचा आहे, पण बहुतेक वेळा उलट्या दिशेने.

ही सीमा ३,१४५ किलोमीटरची. काम मेक्सिकोत गेलं ते वाळवंटातून नाही, पुलांवरून गेलं. टेक्सासमधल्या लारेडोच्या वर्ल्ड ट्रेड ब्रिजवर काय चालतं ते पाहा. मेक्सिकन ट्रक ट्रेलर मेक्सिकोच्या बाजूच्या नुएवो लारेडोच्या यार्डात सोडतो. ‘ट्रान्सफर’ म्हणतात तो दुसरा ट्रक फक्त पूल ओलांडून देतो. पलीकडे तिसरा, अमेरिकन ट्रक तो ट्रेलर उचलतो. कस्टम्स ब्रोकरने मेक्सिकोच्या बाजूचं ‘पेदिमेंतो’ (जकातीचं घोषणापत्र) भरलेलं असतं, अमेरिकेचं ई-मॅनिफेस्ट (मालाची डिजिटल यादी) ट्रक पोचण्याच्या किमान तासभर आधी गेलेलं असतं. भिंत कितीही उंच केली तरी या रांगेतला एक ट्रेलर कमी होत नाही.

त्या ट्रेलरमध्ये काय असतं? बऱ्याचदा वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरांचा बांधलेला जुडगा. यंत्र वायर कापतं, टोकं सोलतं, टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवतं (क्रिम्प करतं). पुढचं सगळं हाताने: लांबलचक बोर्डावर खुंट्यांमधून एकेक वायर ओढायची, कनेक्टरमध्ये खटकन बसवायची, टेप गुंडाळायची. गाडीचं मॉडेल बदललं की बोर्ड बदलतो, शिवाय वायर लवचिक असल्यामुळे रोबोला ती नीट धरता येत नाही. ओहायोतल्या वॉरनची पॅकार्ड इलेक्ट्रिक हे काम मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझला न्यायला लागली ती १९७० च्या दशकाअखेर, नाफ्टा (अमेरिका, मेक्सिको, कॅनडाचा मुक्त व्यापार करार) यायच्या पंधराएक वर्षं आधी.

आता हिशेब. हे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत. एका हार्नेसला १० तास हातकाम आणि १५० डॉलरचा माल लागतो असं माना. ताशी ५ डॉलरने तो २०० ला पडतो, ताशी ३० डॉलरने ४५० ला. २५ टक्के शुल्क लावलं तर मेक्सिकोचा हार्नेस २५० ला आला. दोन्ही किमती बरोबरीत आणायला १२५ टक्के शुल्क लागेल, आणि ते सगळं गाडीच्या किमतीत चढेल.

ओतशाळा

सगळ्यात अवघड सुटा भाग निवडून त्यावरून सगळ्या उद्योगाचा निकाल लावलात.

मोठं चित्र बघा. अमेरिकेत कारखान्यांत १९७९ मध्ये सुमारे १.९५ कोटी लोक होते. २००० मध्ये १.७ कोटींच्या वर. २०१० च्या सुरुवातीला १.१५ कोटी. म्हणजे आधीच्या वीस वर्षांत जेमतेम अष्टमांश गेले आणि नंतरच्या दहा वर्षांत एक तृतीयांश. नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या म्हणावं, तर यंत्रं काय २००१ मध्ये अचानक आली? अचानक घडलं ते दुसरंच. २००० मध्ये अमेरिकेने चीनला कायमचा सामान्य व्यापारी दर्जा (इतर देशांइतकंच कमी शुल्क) द्यायचा कायदा केला आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. ऑटर, डॉर्न, हॅन्सन वगैरे अर्थतज्ज्ञांनी १९९९ ते २०११ मधलं नुकसान मांडलं: कारखान्यांतल्या सुमारे दहा लाख, आणि आजूबाजूचं धरून वीस लाखांवर नोकऱ्या. ती माणसं दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या कामाला लागली असंही फारसं झालं नाही. फर्निचर आणि कापडाची गावं तिथेच खंगली.

क्षमता एकदा गेली की बटण दाबून परत येत नाही. खनिजापासून लोखंड गाळणारी झोतभट्टी थंड केली तर आतला ऐवज थिजतो, विटांचं अस्तर तडकतं. पुन्हा पेटवायची म्हणजे अस्तर, हवा तापवायचे स्टोव्ह, कोकचा पुरवठा आणि भट्टीवरची अनुभवी माणसं, सगळं नव्याने जमवायचं. इलिनॉयच्या ग्रॅनाइट सिटीतली भट्टी २०१५ पासून बंद होती. मार्च २०१८ च्या २५ टक्के शुल्कानंतर ती पेटली आणि शेकडो कामगार परत आले. त्यांना ‘शुल्काचा परिणाम उलटा’ हे कसं सांगणार?

हिशेबवही

ग्रॅनाइट सिटीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तीच भट्टी २०२३ मध्ये पुन्हा थांबली, आणि शुल्क तर तेव्हाही चालू होतं. अमेरिकेतलं सुमारे ७० टक्के पोलाद आज विजेच्या भट्टीत भंगारापासून होतं. झोतभट्टीचा खरा स्पर्धक देशातच बसलाय.

पोलाद बनवणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसं पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांत आहेत. मिझुरीतल्या पॉप्लर ब्लफची मिड-कॉन्टिनेंट नेल घ्या, अमेरिकेतली सगळ्यात मोठी खिळे बनवणारी कंपनी. वायर रॉड (खिळ्यांसाठीची जाड पोलादी तार) मेक्सिकोतल्या मालक कंपनीकडून यायचा. जून २०१८ मध्ये मेक्सिकोची सूट संपली आणि रॉडवर २५ टक्के बसले. खिळ्याच्या किमतीत रॉडचाच वाटा मोठा. भाव वाढवला तशा ऑर्डरी निम्म्याच्या आसपास घसरल्या, साठ जणांना पहिल्याच फटक्यात काढलं आणि पाठोपाठ आणखी माणसं गेली. कारण साधं होतं: शुल्क रॉडवर, तयार खिळ्यावर नाही. परदेशातून तयार खिळे या शुल्काशिवाय येत राहिले.

वॉशिंग मशीनचंही तसंच. जानेवारी २०१८ मध्ये आयात झालेल्या पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि पुढच्यांवर ५० टक्के शुल्क. यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली. ड्रायरवर शुल्क नव्हतं तरी तोही महागला, कारण दुकानात जोडी विकली जाते आणि कंपन्यांनी वाढ दोघांत वाटून टाकली. फ्लाएन, हॉर्ताचसू आणि टिंटेलनॉट यांच्या अभ्यासात सुमारे १,८०० नोकऱ्या वाढल्या आणि ग्राहकांचे वर्षाला दीड अब्ज डॉलर जास्त गेले. सरकारला मिळालेलं शुल्क वजा केलं तरी एकेका नोकरीमागे आठ लाख डॉलरच्या वर खर्च.

ओतशाळा

खिळ्यांच्या उदाहरणातून निघतं ते एवढंच की शुल्क अर्धवट लावलं होतं. कच्च्या मालावर लावून तयार मालाला दार उघडं ठेवलं तर मधला कारखाना चिरडणारच. फेब्रुवारी २०२० मध्ये खिळे, टाचण्या, तारा अशा मालावरही २५ टक्के लागले, ते याचसाठी. मिड-कॉन्टिनेंटला त्याआधी, २०१९ मध्ये सूट मिळाली होती.

हिशेबवही

मग खिळ्यानंतर खिळे ठोकून बनणाऱ्या लाकडी पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांवर), त्यानंतर पॅलेटवरून येणाऱ्या मालावर? प्रत्येक पायरीला शुल्क लावायचं तर निर्यात कशाच्या जोरावर करणार? देशाबाहेरच्या गिऱ्हाइकाला तर तुम्ही शुल्क लावू शकत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, फ्लाएन आणि पियर्स यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच मोजलं. संरक्षणाने थोड्या नोकऱ्या वाढल्या, पण कच्चा माल महागल्यामुळे आणि इतर देशांच्या प्रतिशुल्कामुळे त्याहून जास्त गेल्या. सोयाबीनवाल्या आणि इतर शेतकऱ्यांना भरपाई म्हणून दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली ती वेगळीच.

नदीकाठ

भिंतीबद्दल धागाकर्त्यांनी फारच झटपट निकाल दिला. भिंत हार्नेस परत आणण्यासाठी नाहीच. ती आहे मांसप्रक्रिया, बांधकाम, छपराचं काम अशा नोकऱ्यांसाठी. ही कामं मेक्सिकोत हलवता येत नाहीत, म्हणून मालक कमी मजुरीची माणसं इकडे आणतात.

आणि भिंत चालते. ॲरिझोनाच्या युमा विभागात २००५ मध्ये १ लाख ३८ हजार जणांना बेकायदा सीमा ओलांडताना पकडलं होतं. २००६ च्या सिक्युअर फेन्स कायद्यानंतर कुंपण आणि गाड्या अडवणारे खांब उभे राहिले, २००९ मध्ये आकडा सात हजारांखाली आला. सॅन दिएगोत १९९२ मध्ये साडेपाच लाखांवर होता, २००२ मध्ये लाखाच्या आसपास. सुरुवातीचं कुंपण व्हिएतनाम युद्धातल्या विमान उतरवायच्या पत्र्यांचं होतं. त्यांच्या आडव्या पन्हळी शिडीसारख्या चढता यायच्या आणि पलीकडचं काही दिसायचं नाही. आताचे उभे खांब त्यातूनच शिकून आले: सहा इंची चौकोनी पोलादी नळी, आत सळई आणि काँक्रीट, मध्ये चार इंचांची फट, वर चढता येऊ नये म्हणून सपाट पत्रा, उंची १८ ते ३० फूट. पहारेकऱ्याला पलीकडचं दिसतं आणि माणूस आत शिरेपर्यंत गाडी पोचते. भिंत वेळ मिळवून देते, तिचं कामच ते.

जकातनाका

सॅन दिएगोचा आकडा खाली गेला तेव्हा ॲरिझोनाच्या टुसॉन विभागाचा २००० मध्ये सहा लाखांच्या वर गेला होता. माणसं थांबली नाहीत, पूर्वेला वाळवंटात सरकली. युमात कुंपणाबरोबर पहारेकरीही वाढले आणि २००८ ची मंदी आली, घरबांधणीची कामंच आटली. नुसत्या कुंपणाला श्रेय देता येत नाही.

वेळ मिळतो हे मान्य, पण खांबापाशी पहारेकरी असला तर. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात शंभरएक डॉलरला मिळणारी रेसिप्रोकेटिंग सॉ (मागेपुढे चालणारी विजेची करवत) आणि धातूचं पातं पुरतं. खांब वर पॅनलला जोडलेला असतो. पायाशी कापला की तो लोंबकळतो आणि उंची जितकी जास्त तितका ढकलायला सोपा. कापलेला खांब वेल्डिंग करून बसवला तर पुढच्या वेळी तोच जोड आधी कापतात. सीमा पोलिसांच्याच नोंदींनुसार २०१९ ते २०२१ या तीन आर्थिक वर्षांत भिंत ३,२७२ वेळा कापली गेली.

पाण्याचं वेगळंच. ॲरिझोनात पावसाळी ओढ्यांवर पूरदारं ठेवतात आणि पावसाआधी ती उघडावी लागतात. कचरा खांबांच्या फटीत अडकला की भिंतीचं धरण होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये डग्लसजवळ पुराने ही दारं बिजागऱ्यांसकट उखडली. टेक्सासमध्ये रिओ ग्रांदेच्या पूरमैदानात बांधकामावर मेक्सिकोशी १९७० चा करार आहे, शिवाय जमीन बहुतांशी खासगी. म्हणून भिंत नदीपासून मागे सरते आणि लोकांची शेतं तिच्या पलीकडे पडतात.

मजुरीचं म्हणाल तर ॲलन, डॉबिन आणि मॉर्टन यांनी २००६ च्या कायद्यातल्या कुंपणाचा परिणाम मोजला. कमी शिकलेल्या अमेरिकन कामगाराचा वार्षिक फायदा ३६ सेंट निघाला. खरंच मजुरी राखायची असेल तर ई-व्हेरिफाय (कामगाराला काम करायची परवानगी आहे का ते तपासणारी सरकारी प्रणाली) देशभर सक्तीचं करा आणि कत्तलखान्याच्या मालकाला दंड लावा. ॲरिझोनाने २००८ पासून सक्ती केली आहे. संसद मात्र करत नाही, कारण तो दंड मतदारसंघातल्या मालकांना बसतो.

नदीकाठ

ई-व्हेरिफायला माझा पूर्ण पाठिंबा. पण त्यातही भोक आहे: प्रणाली नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर जुळतात का ते बघते. दुसऱ्याचा खरा नंबर आणि खरं नाव दिलं तर बऱ्याचदा पास होतो. म्हणून दोन्ही हवं.

कॅलिपर

मजुरीतली दरी मेक्सिकोच्या बाजूनेही कमी करता येते, हा मुद्दा अजून कोणी काढला नाही. जुलै २०२० पासून नाफ्टाच्या जागी नवा करार आहे. शुल्कमाफीसाठी लागणारा गाडीतला उत्तर अमेरिकेचा वाटा ६२.५ वरून ७५ टक्क्यांवर नेला. शिवाय मोटारीच्या ४० टक्के आणि हलक्या ट्रकच्या ४५ टक्के मूल्याचं काम ताशी सरासरी १६ डॉलर देणाऱ्या कारखान्यांत व्हायला हवं. धागाकर्त्यांनी हे सांगायला हवं होतं की २०२५ पर्यंत अट मोडली तरी मोटारीवर फक्त २.५ टक्के शुल्क लागायचं. कागदपत्रांच्या कटकटीपेक्षा ते भरणं कित्येकांना परवडायचं. हलक्या ट्रकवर मात्र १९६४ पासून २५ टक्के आहे, आणि पिकअप उत्तर अमेरिकेतच बनतात याचं ते एक मोठं कारण. इथे ओतशाळांचं बरोबर आहे.

याच करारात कामगारांचे हक्क मोडणाऱ्या कारखान्यावर थेट तक्रारीची तरतूद आहे. पहिली केस २०२१ ची, जनरल मोटर्सच्या मेक्सिकोतल्या सिलाओ कारखान्याची. जुन्या संघटनेचा करार कामगारांनी मतदानात फेटाळला, फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी स्वतंत्र संघटना निवडून आली आणि पगारवाढ मिळाली. मेक्सिकोचं किमान वेतन २०१८ मध्ये रोजी ८८.३६ पेसो होतं. २०२५ मध्ये सीमापट्ट्यात ४१९.८८. डॉलरमध्ये ते तेव्हाही रोजी वीसच्या आसपासच होतं, पण सात वर्षांत पावणेपाच पट.

ताणाबाणा

कापडाचं थोडं. नॉर्थ कॅरोलायनातलं कॅनापोलिस हे टॉवेलचं गाव. जुलै २००३ मध्ये तिथली पिलोटेक्स बंद पडली आणि एका दिवसात साडेसहा हजारांच्या आसपास लोक घरी गेले, त्यातले बहुतेक त्याच परिसरातले. तसे टॉवेल आता भारत, पाकिस्तान, चीनमधून जातात, त्यात सोलापूरही आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर एकूण ५० टक्के लागले तेव्हा अमेरिकन खरेदीदाराची पहिली मागणी असायची ‘शुल्कातला वाटा तुम्ही उचला’, आणि दुसरी पायरी ऑर्डर दुसऱ्या देशात वळवायची. यात कॅनापोलिसला माग परत बसत नाही. एका देशावर जास्त आणि शेजाऱ्यावर कमी शुल्क लावलं की काम घरी येत नाही, शेजाऱ्याकडे जातं. चीनचंही तेच झालं. अमेरिकेच्या आयातीतला त्याचा वाटा २०१७ मध्ये २१ टक्क्यांच्या वर होता, २०२३ मध्ये १४ च्या आसपास आला आणि त्या वर्षी मेक्सिको पहिल्या नंबरवर गेला.

ओतशाळा

हार्नेस आणि टॉवेल परत येणार नाहीत, हे मानतो. ते आणायचा हट्टही नको. पण इंजिन ब्लॉकची ओतकामं, गिअरबॉक्स, बॉडीचे प्रेस केलेले भाग यांत मजुरीचा वाटा कमी असतो. तिथली किमतीतली दरी १०-१५ टक्क्यांत असेल तर शुल्काने बुजते, आणि हलक्या ट्रकच्या २५ टक्क्यांनी साठ वर्षं ते दाखवलंय.

माझा आक्षेप पद्धतीवर आहे. बॉडी पॅनलचा डाय सेट (पत्रा दाबून आकार द्यायचे साचे) बनवून, चाचणी घेऊन चालू करायलाच वर्षभर जातं, नवी फाउंड्री उभी राहायला दोन-तीन वर्षं. शुल्क मात्र राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तीन महिन्यांत २५ चं ५० होतं, म्हणजे उद्या ० ही होऊ शकतं. अशा आकड्यावर कोणती बँक कर्ज देईल? ठरावीक भागांची यादी, एकच दर, दहा वर्षांची मुदत आणि हे सगळं संसदेच्या कायद्यात. २०२६ च्या जुलैमध्ये कराराचा आढावा ठरलेलाच आहे, ही यादी तिथे मांडता येते. भिंतीच्या त्या ४६.५ अब्जांतला काही भाग टूलरूमच्या (साचे-हत्यारं बनवायच्या) आणि पॅटर्नमेकरच्या (ओतकामाचे नमुने करणाऱ्याच्या) प्रशिक्षणाला द्या. नाहीतर दर काहीही ठेवला तरी डाय घासायला माणूस मिळणार नाही.