शेवाळातील आर्सेनिक: अहवालावरचा एकच आकडा पुरेसा आहे का?

माहीमकर
शेजारच्या काकूंनी सूपसाठी आणलेल्या वाकामे या खाद्य समुद्री शेवाळाच्या पाकिटाचा चाचणी-अहवाल मला दाखवला. त्यावर ‘एकूण आर्सेनिक: ३४ मिलिग्रॅम प्रति किलो’ एवढी एकच ओळ होती आणि ती वाचून त्यांनी अख्खे पाकीट कचऱ्यात टाकले. मी अन्नचाचणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि हा आकडा एकटा छापणे मला चुकीचे वाटते. समुद्री शेवाळातले बहुतांश आर्सेनिक शर्करेशी जोडलेल्या सेंद्रिय रूपात असते (येथे ‘सेंद्रिय’चा खतांशी संबंध नाही), तर कर्करोगाशी ज्याचा संबंध सिद्ध झाला आहे ते असेंद्रिय, म्हणजे कार्बनशी न जोडलेले, रूप होय. ब्रिटनमध्ये २००४ साली पाच प्रकारची शेवाळे तपासली, तेव्हा एकूण आर्सेनिक सर्वांत आढळले. असेंद्रिय मात्र फक्त हिजिकी या शेवाळात, वाळलेल्या वजनावर किलोला ६७ ते ९६ मिलिग्रॅम. म्हणून तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने हिजिकी खाऊ नये असे सांगितले. नोरी, वाकामे, कोंबू यांबाबत तसे सांगितले नाही.

वांद्रेवासी
ताई, तुमचे रसायनशास्त्र मान्य. निष्कर्ष मान्य नाही. शर्करेशी जोडलेले आर्सेनिक शरीरात तसेच राहत नाही, त्याचे डायमिथाइल आर्सेनिक आम्लात रूपांतर होऊन ते लघवीवाटे जाते, आणि ते संपूर्ण निरुपद्रवी असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही. शिवाय ‘कोंबू’ नावाने विकल्या जाणाऱ्या शेवाळांच्या एका भाईबंदात, लॅमिनेरिया डिजिटाटामध्ये, असेंद्रिय रूपही लक्षणीय सापडते. नावावर विसंबून मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला ते कसे देऊ? सविस्तर चाचणी होत नाही तोवर एकूण आकडाच धोक्याचा मानावा.

माहीमकर
डिजिटाटाचा मुद्दा अगदी रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे, कारण तोही रूपे वेगळी मोजल्यामुळेच कळला. नमुना सौम्य नायट्रिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवला की असेंद्रिय आर्सेनिकच्या दोन रूपांपैकी त्रिसंयुजी रूप पंचसंयुजी होते, म्हणजे दोन्ही एकत्र मोजता येतात. मग द्रव स्तंभातून सोडून रूपे विलग करायची आणि वस्तुमान-वर्णपटमापकाने मोजायची. शेवाळ खारट असल्याने यंत्रातील आर्गॉन वायू मिठातल्या क्लोराइडशी संयोग पावतो आणि त्या जोडकणाचे वस्तुमान आर्सेनिकइतकेच, ७५, भरते. असे जोडकण अडवणारी हेलियमची कोष्ठिका (वायू भरलेला कप्पा) नीट लावली नाही, तर नसलेले आर्सेनिक दिसू लागते. मी स्वतः असा फुगलेला आकडा पाहिला आहे, आणि क्लोराइडची दुरुस्ती केल्यावर तो निम्म्यावर आला होता.

आता हिजिकीचा हिशेब पाहा. पाच ग्रॅम वाळलेल्या हिजिकीत किलोला ८० मिलिग्रॅमच्या दराने ४०० मायक्रोग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक येते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला वजनाच्या किलोमागे जवळजवळ ७ मायक्रोग्रॅम. जागतिक अन्न व आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ समितीने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्यासाठी काढलेला संदर्भबिंदू (ज्याच्याशी रोजचे सेवन ताडून पाहतात ते प्रमाण) वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मायक्रोग्रॅम आहे. भिजवून, उकळून, पाणी फेकल्यास बराच भाग निघून जातो, तरीही मी ते टाळेन.

वांद्रेवासी
ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये शेवाळातील असेंद्रिय आर्सेनिकची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे. मग आपल्याकडे पाकिटावर असेंद्रिय आर्सेनिकचाच आकडा का छापू नये? हिजिकी सरगॅसम प्रजातीतली आहे, आणि मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सरगॅसम भरपूर वाढते. त्याचा खाद्यपदार्थ म्हणून विचार होणार असेल, तर आधी त्याचा आकडा हवा.

माहीमकर
येथे आपले एकमत आहे. मालवणचा वाळलेला नमुना कोणी पाठवला, तर मी दोन्ही आकडे काढून येथेच लिहीन.