तातडीची मदत: तीन ठिकाणी तीन एच-इंडेक्स, फॉर्ममध्ये कुठला भरू?

झोपमोड: आमच्या मॅडमसाठी एका पुरस्काराचा फॉर्म भरतेय, विषय न्यूरोसायन्स. आज रात्री १२ ला लिंक बंद होते. पेपर कुठे किती उद्धृत झाले हे मोजणाऱ्या तीन साइट बघितल्या: गूगल स्कॉलर ४१ म्हणतं, स्कोपस २८, वेब ऑफ सायन्स २६. खरा कुठला? लवकर सांगा प्लीज.

जुनाखोड: तिन्ही खरे. एच-इंडेक्स २८ म्हणजे किमान २८ वेळा उद्धृत झालेले २८ पेपर, पण कुणाच्या यादीतले? स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले पेपर), पुस्तकातली प्रकरणं, सगळं मोजतं. स्कोपस स्वतः निवडलेलंच मोजतं, मुख्यतः नियतकालिकं. वेब ऑफ सायन्सचा आकडा तर तुमच्या संस्थेनं किती मागची वर्षं विकत घेतलीत त्यावरही हलतो. फॉर्ममध्ये स्रोत सांगितलाय का?

झोपमोड: नुसतं 'एच-इंडेक्स' लिहिलंय. चौकटीत फक्त अंक जातो.

सरळरेषा: मग ४१ टाका आणि झोपा. सगळे मोठाच टाकतात.

जुनाखोड: आणि समितीनं स्कोपस उघडून पाहिलं की? ४१ आणि २८ मधला फरक फार आहे. स्कॉलरची यादी शेवटपर्यंत खाली जाऊन बघितलीत का?

अर्धाकप: एच-इंडेक्सच मुळात टाकाऊ. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली काढला, आणि तेव्हापासून सगळे त्याच्या मागे. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा एच. एम. या रुग्णावरचा पेपर घ्या. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग गेला तर नव्या आठवणी टिकत नाहीत, हे त्यातून कळलं. मिल्नरबाई तेवढाच एक लिहून थांबल्या असत्या तर एच-इंडेक्स किती? १.

सरळरेषा: पण त्या थांबल्या नाहीत ना!

अर्धाकप: मुद्दा कळला नाही तुम्हाला. बरं, उलटं घ्या. अल्झायमरवरचा नेचरमधला २००६ चा पेपर, दोन हजारांवर साइटेशन, म्हणजे तेवढ्या वेळा उद्धृत, प्रतिमांमध्ये फेरफार निघाल्यामुळे २०२४ मध्ये मागे घेतला. साइटेशन तशीच राहिली.

पेशीवाला: आयसाइट वापरा. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचं आहे, फुकट आहे. पेपरची तुलना त्याच विषयातल्या पेपरांशी होते. गुण १ म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांतला मधला. एमआरआयवाले आणि उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालणारे एका तागडीत तोलायचे नसतात. मी माझ्या बढतीच्या अर्जात हेच दिलं होतं.

झोपमोड: पण चौकट एच-इंडेक्सचीच आहे हो!!

मंदवारा: न्यूरोचा विषय निघालाच आहे तर, अर्धशिशीवर काही सुचवाल का? गोळ्या चालू आहेत.

जुनाखोड: @मंदवारा, डॉक्टरांना विचारा. @झोपमोड, यादी बघितली का?

झोपमोड: आत्ता बघितली. खाली 'तलावातील गाळ व शेतजमिनीची धूप' आहे. तसे १९ पेपर!! मॅडमनी आयुष्यात माती तपासलेली नाही.

जुनाखोड: आडनाव आणि आद्याक्षरं तीच असलेलं दुसरं कुणीतरी. प्रोफाइलमध्ये 'नवे लेख आपोआप जोडा' चालू असेल. चुकीच्यांवर खूण करून काढता येतात.

झोपमोड: लॉगिन मॅडमचं आहे. त्या विमानात आहेत, पहाटे उतरतील.

पेशीवाला: म्हणजे स्कॉलर बाद. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढलेलं नाही का त्यांनी? २०१२ पासून आहे ते, सोळा अंकी, नावांचा हा घोळ मिटवायलाच. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी काढायला लावतो मी.

जुनाखोड: ते उद्या. लग्नाआधी वेगळं आडनाव होतं का त्यांचं?

झोपमोड: हो. पीएचडी जुन्या नावानं. त्याचं काय?

जुनाखोड: हे आधी सांगायचं! स्कोपसमध्ये त्यांच्या दोन नोंदी असणार. लेखक शोधमध्ये जुनं नाव टाका, दोन्ही नोंदींवर खूण करा, मग साइटेशन ओव्हरव्ह्यू उघडा. एकत्र एच-इंडेक्स दिसेल. नोंदी कायमच्या जोडून घ्यायला अर्ज करावा लागतो, आज होणार नाही.

झोपमोड: जुन्या नावावर ९ पेपर निघाले. एकत्र ३१!

अर्धाकप: शेवटी आकडाच. 'निवडक पाच पेपर' अशी चौकट असेल तर ती नीट भरा. पद्धतीवरचा पेपर असेल तर त्याला साइटेशन धो-धो मिळतात, नवीन काही सापडलेलं असतंच असं नाही. प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा, काय सापडलं.

झोपमोड: ती चौकट आहे. मी साइटेशन बघून वरचे पाच टाकले होते, त्यात चार आढावा लेख निघाले, म्हणजे इतरांच्या कामाचा गोषवारा :( बदलले.

झोपमोड: ११:४३ ला गेला. ३१ टाकलं आणि 'इतर माहिती'त लिहिलं: स्कोपस, दोन्ही नावांच्या नोंदी एकत्र, आजची तारीख. जुनाखोड काका, दंडवत.

जुनाखोड: काका नाही, मावशी.

पेशीवाला: आणि ते मातीवाले? त्यांचे १९ पेपर तुमच्या मॅडमच्या नावावर आहेत, त्यांना कुणी सांगितलं का?