अनुभव धागा: व्हेनिसमध्ये दोघांनीच घालवलेला निवांत दिवस

मुळामुठाकाठी
काल गल्लीत गुडघाभर पाणी साचलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षीचा विनोद आला, 'पुण्याचं व्हेनिस झालं, गोंडोला मागवा.' आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "खऱ्या व्हेनिसात तरी कुठे बसू दिलंस गोंडोल्यात?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

लेक जर्मनीत शिकायला होती, तिची परीक्षा, म्हणून आम्ही दोघंच गेलो. सांता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. एक नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली बससारखी बोट, धरली. ही सगळ्यात रखडत जाणारी, जवळजवळ प्रत्येक धक्क्याला थांबणारी. सान मार्को चौकापर्यंत पाऊण तास सहज जातो. लोक महालांचे फोटो काढत होते आणि हे बघत होते दोरवाल्या पोराकडे. धक्का आला की तो जाड दोर खुंट्याला दोन वेढे देऊन आवळायचा, दोर करकरायचा, बोट आपसूक टेकायची. मग कठडा सरकवायचा, माणसं उतरवायची, दोर सोडायचा. हे मूळचे दाभोळकडचे, लहानपण तरीवर गेलेलं. "गाठ मारतच नाही बघ, नुसते वेढे," असं निदान चार धक्क्यांवर ऐकलं. महाल माझे मीच पाहिले.

गोंडोल्याचा दर ऐकून मी मागे फिरले ते खरंच. त्याऐवजी मासळी बाजारापाशी त्रागेत्तोने पलीकडे गेलो. तीही गोंडोलाच, फक्त साधी, दोन वल्हेकरी, दोन युरोत पैलतीर. ह्यांच्या मते ती मोजायची नाही.

तुमचेही येऊ द्या. जोडीने गेलेल्यांचे आधी.

चकलीचा_सोऱ्या
मोजायची नाहीच. काकांना माझा पाठिंबा.

ठाणे_लोकल
गोंडोला आता ९० युरो, अर्धा तास. संध्याकाळी सातनंतर ११०. पण दर माणशी नाही, अख्ख्या बोटीचा असतो. आम्ही नाशिकच्या एका जोडप्याला गाठून निम्मे निम्मे केले. बायको अजून म्हणते, हनिमूनला शेअर रिक्षा केलीस.

चकलीचा_सोऱ्या
हाहाहा शेअर रिक्षा!! मीटरने परवडलंच नसतं.

वैदर्भी_अ
बॅगेबद्दल कोणीच कसं लिहीत नाही? स्टेशनपासून हॉटेल 'जवळच' होतं. मध्ये पाच पूल, प्रत्येकाला पायऱ्या, आणि बॅगेत माझ्या सासूबाईंनी भरलेला चिवडा. त्यात पत्ता म्हणजे नुसता कान्नारेजो आणि एक चार आकडी नंबर. तिथे घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसतात, अख्ख्या पेठेला सलग दिलेले असतात, आणि अशा सहा पेठा. नवरा विचारत विचारत पुढे, मी बॅगेवर बसून चिवडा खातेय. तो अर्धा तास मला सान मार्कोपेक्षा जास्त आवडला.

खडीसाखर
पेठ म्हटल्यावर एकदम घरचं वाटलं. चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या?

वैदर्भी_अ
भाजक्या. सांगायचंच विसरले, खोबरं होतं त्यात.

आरसीसी_वहिनी
माझा नवरा स्ट्रक्चरल इंजिनियर. पुढचं समजून घ्या. सान मार्कोच्या चौकात माणसं कबुतरांसोबत फोटो काढतात (दाणे टाकायला २००८ पासून बंदी आहे बरं का), हा मला सांगतोय की ही सगळी घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभी आहेत आणि खाली हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही. मग तो उंच घंटाघर. १९०२ साली अख्खा मनोरा बसला, माणूस एकही दगावला नाही, म्हणे राखणदाराची मांजर तेवढी गेली. १९१२ला जसाच्या तसा परत बांधला. "आणि तू मला त्यात लिफ्टने वर नेतोयस?" असं विचारल्यावर म्हणाला, आता पाया वाढवलाय. वरून सगळी लाल कौलं दिसतात, पण कालवे जवळजवळ दिसत नाहीत! इतकी दाटीवाटी आहे.

संध्याकाळी त्याच चौकात कॉफी प्यालो. बिलात वाजंत्र्यांचे पैसे वेगळे. ह्याने वेटरला विचारलं, आम्ही कुठे वाजवायला सांगितलं होतं? मी पर्समध्ये तोंड घातलं.

ठाणे_लोकल
उभ्याने बारवर प्यायची कॉफी. इटलीत बसायचे पैसे पडतात.

गुहागरचा_बाब्या
मांजरीचं वाईट वाटलं.

मिलानवासी
आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, बोगदा-पूल वगैरे झाले तेव्हा नव्हते. पहाटे भोंगा वाजला, बायकोला वाटलं युद्धच सुरू झालं. आक्वा आल्ता, म्हणजे भरतीचं पाणी शहरात. चौकात लाकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडले होते, त्यावरून एकामागे एक मुंग्यांसारखी रांग. बायकोने दुकानातून नारिंगी प्लास्टिकचे बूट घेतले आणि फळी सोडून मुद्दाम पाण्यातूनच चालली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती पण तिला असं पोरासारखं कधी पाहिलं नव्हतं. आता २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोझे नावाच्या बंधाऱ्यांचे पिवळे दरवाजे वर उचलतात, त्यामुळे मोठं पाणी अडतं.

खडीसाखर
बोगदा-पूल कुठला?

मिलानवासी
फोनने घातलं ते. मी 'बंधारे' म्हटलं होतं.

नवीन_प्रवासी
वाचतेय सगळं. जूनमध्ये आम्ही दोघं जातोय, हॉटेल पलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेत आहे, आत परवडलं नाही. व्हेनिसमध्ये शिरायला लावलंय ते प्रवेश शुल्क भरावं लागेल का?

मिलानवासी
नाही. ते फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना, ठरावीक तारखांना, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२४ला ५ युरोने सुरू केलं, २०२५पासून आयत्या वेळी भरणाऱ्यांना १०. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तुम्हाला माफ. पण साईटवर नोंदणी करून कोड घेऊन ठेवा, विचारतात. आणि रात्री जेवून लगेच ट्रेन पकडू नका, दिवसाची गर्दी पांगल्यावरच खरी मजा.

वैदर्भी_अ
+१. आणि बॅग छोटी ठेव गं.

मुळामुठाकाठी
नवीन_प्रवासी, बुरानो बेटावर जा. फोंदामेन्ते नोवे धक्क्यावरून बारा नंबरची बोट. रंगीत घरांच्या दारात एक आजी उशीवर सुईने लेस विणत बसली होती, बोटभर जाळी दिसत होती फक्त. हे शेजारी उभे राहून बघत बसले, ती हसत पण वर बघत नव्हती. मी एक टेबलक्लॉथ घेतला.

आरसीसी_वहिनी
हाताचा?

मुळामुठाकाठी
पंचवीस युरोत हाताचा कुठून येणार! मशीनचाच. धुऊन आटलाय पण.

चकलीचा_सोऱ्या
काकूंनी गोंडोल्याचे वाचवलेले तिथे घातले, काकांना सांगा कुणीतरी.